तिन्ही पाय शाबूत

हौसाआत्या गेल्याचा निरोप आला तेव्हा मी डेअरीत दुधाचे नमुने तपासत होते. बारामती एमआयडीसीतल्या आमच्या डेअरीत फोन एकच, तोही ऑफिसात. तिथून शिपाई बोलवायला आला. फोनवर पळसदेवहून सोपान होता, आत्याचा मुलगा. एसटीडी बूथमधून बोलत होता, मागे ट्रकचे हॉर्न वाजत होते. "सुमे, आई गेली गं," एवढंच म्हणाला आणि थांबला... मग सांगितल्याशिवाय राहवेना म्हणून पुढं म्हणाला, "सकाळी रानात जाऊन आली. सवताच्या पायानं. कांद्याला पाणी नीट बसतंय का बघितलं, घरी आली, बूट काढलं, पाय धुतलं, पुसलं, आन् च्या टाक म्हणली. च्या घिऊन सून भाईर आली तवर..." पुढचं हॉर्नमध्ये बुडून गेलं.

मरणाच्या बातमीत पाय धुतल्या-पुसल्याचं काय एवढं, असं कुणालाही वाटेल. पण आमच्या घरात ते सांगायलाच हवं होतं, आणि ऐकून मला रडू फुटलं ते त्याच वाक्याला. नवऱ्याच्या मोटारसायकलवर बसून भिगवणमार्गे पळसदेवला पोचले, तेव्हा आळीतल्या बायका आत्याला अंघोळ घालत होत्या. पायांवर पाणी ओतता ओतता शेजारची एक म्हातारी थांबली आणि बाकीच्यांना म्हणाली, "बघा गं, ह्या वयाच्या बाईची टाच बघा. कुठं भेग न्हाय, कुठं जखम न्हाय. आपल्या सुनांच्या तरी हायेत का अशा?" सगळ्या वाकून बघायला लागल्या. मीही बघितलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आतून मात्र एखाद्यानं कुस्ती मारून फड सोडावा तसं वाटत होतं. कारण ते पाय तसे राहतील अशी खात्री काही वर्षांपूर्वी कुणालाच नव्हती.

आत्या आणि माझे आबा ही सांगवीची भावंडं, आत्या थोरली. त्यांच्या लहानपणी घरात मेंढरं होती. सुगी सरली की सगळं घरदार कळप घेऊन कोकणच्या वाटेला लागायचं. संसार घोड्यावर, कोकरं पाठीवर आणि माणसं पायी. आत्या त्या वाटा चालत मोठी झाली. पुढं मेंढरं गेली, सांगवीच्या रानात कॅनॉलचं पाणी आलं, आबा उसाच्या मागं लागले आणि आत्या लग्न होऊन पळसदेवला गेली. तिथलं जुनं गाव उजनीच्या पाण्याखाली गेलं तेव्हा डोक्यावर भांडी घेऊन नव्या गावठाणात आलेल्या बायकांत तीही होती. नवरा लवकर वारला. धरणाच्या काठावरची जमीन आणि सोपान, दोन्ही तिनं एकटीनं वाढवलं. या सगळ्यात पायांत काही घालायचं तिला कधी सुचलंच नाही. उलट तिला आपल्या पायांचा गर्व होता. "माझ्या पायात काटा शिरत न्हाय, मोडतो," असं ती पाहुण्यांना सांगायची आणि टाच उलटी करून दाखवायची. टाचेला बोट जाईल एवढ्या भेगा होत्या. आम्हा पोरींना त्याचं कौतुक वाटायचं.

नव्वद सालानंतर दोन-तीन वर्षांनी आबांचा पाय गेला. उसाला पाणी द्यायला ते अनवाणीच जायचे. चिखलात चप्पल रुतते, ती कशाला, असं त्यांचं म्हणणं. तोडलेल्या उसाचा बुडखा तळव्यात घुसला, पण त्यांना कळलंच नाही. कळलं ते घरात वास सुटला तेव्हा... बारामतीच्या डॉक्टरांनी बघताक्षणी पुण्याला पाठवलं. रक्तात साखर किती दिवसांची होती कुणास ठाऊक. आमच्या घरात कधी कुणी तपासलीच नव्हती. पुण्यात डावा पाय गुडघ्याखालून काढला. घरी आणल्यावर आबा भिंतीकडं तोंड करून पडले ते बोलेनातच. आई जेवणाचं ताट ठेवायची आणि तसंच उचलून न्यायची. गावातली माणसं येऊन बसायची, चुकचुकायची. आत्या मात्र पळसदेवहून एसटीनं आली, पिशवी खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "मी आता हितंच हाय. बोल नायतर बोलू नगंस."

पुढच्या मलमपट्टीला आम्ही त्यांना बारामतीच्या दवाखान्यात नेत होतो. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. एक दिवस त्यांनी आत्याला विचारलं, "तुम्ही सख्ख्या बहीण ना? तुमचंही रक्त तपासू." आत्या म्हणाली, "मला काय धाड भरलीया?" पण हात पुढं केला. साखर निघाली, आणि चांगलीच निघाली. मग बाईंनी तिला टेबलावर बसवलं आणि सांगितलं, "डोळे मिटा. पायाला कापूस लागला की 'लागला' म्हणा." आत्या ताठ बसली, डोळे घट्ट मिटून, एखादी मुलगी परीक्षेला बसल्यासारखी. बाईंनी कापसाची वात करून अंगठ्याला लावली, तळव्यावरून फिरवली, टाचेला टेकवली, मग दुसऱ्या पायाला. आत्या गप्प. जरा वेळानं तीच म्हणाली, "लावा की बाई. किती येळ बसू?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. 

त्यांनी आत्याला डोळे उघडायला लावून सगळं समजावून सांगितलं. साखरेनं पायाची जाण जाते. दुखत नाही म्हणजे पाय चांगला आहे असं नव्हे. "दुखणं म्हणजे राखणदार असतो," त्या म्हणाल्या, "तुमचा राखणदार झोपलाय. आता राखण डोळ्यांनी करायची, रोजच्या रोज." आत्या आपल्या पायांकडं बघत राहिली. ज्यांचा इतका गर्व केला ते पाय आपल्याशी बोलायचे कधीच बंद झालेत, हे तिला तेव्हा कळलं असावं. तिचा चेहरा मी आधी कधी तसा बघितला नव्हता... पण ते क्षणभरच. मग ती टेबलावरून उतरली आणि म्हणाली, "बाई, काय-काय करायचं ते सांगा. राखण मला शिकवू नगा. निम्मा जलम त्यातच गेलाय."

त्या संध्याकाळी सांगवीला आल्यावर ती आबांच्या खाटेवर बसली आणि त्यांचं तोंड हातानं आपल्याकडं वळवलं. "नामा, ऐक. मला बी तुझाच रोग हाय. तुझा एक गेला, त्ये झालं. तुझा एक आन् माझं दोन, तीन ऱ्हायलं. ह्या तिन्हीची राखण आजपास्नं माझ्याकडं. एक बी लांडग्याला द्यायचा न्हाय." आबा कितीतरी दिवसांनी बोलले. "आक्का, लांडगा घरात शिरलाय," म्हणाले. त्यावर ती म्हणाली, "मग तर बरं. दिसतोय तरी."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या पडवीत जे सुरू झालं ते कधी थांबलं नाही. सकाळी उन्हं आली की आत्या कोमट पाणी घेऊन बसायची. पाणी कोमट आहे का हे हातानं बघायचं नाही, पायानं तर नाहीच. कोपर बुडवून बघायचं, आणि तेही नसेल कळत तर आईला बघायला लावायचं. पाय धुवायचे पण भिजत ठेवायचे नाहीत. मग जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यानं टिपायचे, बोटांच्या बेचक्यांतून सुद्धा, कारण ओल राहिली की चिखल्या होतात. टाचांना खोबरेल, बेचक्यात तेलाचा थेंब नाही. नखं सरळ कापायची, कडा खोल कोरायच्या नाहीत. भोवरी झाली तर तिला ब्लेड लावायचं नाही. पूर्वी दाढीच्या ब्लेडनं स्वतःची भोवरी तासणारी बाई आता आबांच्या हातातून ब्लेड हिसकावून घ्यायची. शेवटी खाली हातआरसा धरून तळवा बघायचा. आबा पहिले काही दिवस पाय पांघरुणात ओढून घ्यायचे. बहिणीनं आपला पाय मांडीवर घ्यावा याची त्यांना लाज वाटायची. आत्या पांघरूण काढून टाकायची आणि म्हणायची, "कोकणच्या वाटंवर तुला खांद्यावर घेतला तवा लाजला न्हाईस. आता कशाला लाजतूस?" 

घरात चप्पल घालण्यावरून आईचं आणि तिचं जोरात वाजलं. चुलीपुढं, देवापुढं पायतान घालून फिरायचं म्हणजे आईला सहन होईना. दोन दिवस अबोला झाला. मग आत्यानंच घरात घालायच्या चपला वेगळ्या केल्या. त्या उंबऱ्याबाहेर कधी गेल्या नाहीत आणि बाहेरच्या आत आल्या नाहीत. आई हळूहळू निवळली. त्याला एक कारण असंही झालं, की एका सकाळी आत्यानं आबांचा बूट घालण्याआधी उपडा करून झटकला आणि त्यातून विंचू पडला. त्यानंतर आईनं पायतानाबद्दल चकार शब्द काढला नाही. झटकायचं काम तर तिनंच घेतलं.

बूट घ्यायला मी आणि आत्या बारामतीच्या पेठेत गेलो तो दिवस मला आठवला की अजून हसू येतं. ती मुद्दाम संध्याकाळी गेली, कारण दिवसभरात पाय सुजतो आणि सकाळी बरोबर बसलेलं पायतान सांजेला चावतं, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. घरून पुठ्ठ्यावर पाय ठेवून पेन्सिलीनं आकार काढून, कापून आणला होता. दुकानदारानं बायकांच्या टोकदार चपला काढल्या. आत्यानं पुठ्ठा आत घातला, तो दुमडला. "माझी बोटं कुठं बसवू रं बाबा? एकमेकींच्या मांडीवर?" सगळं दुकान हसलं. पण तिनं एकेक जोड पुठ्ठ्यानं तपासला आणि शेवटी पुरुषांचे, पुढून रुंद, नाडीचे कापडी बूट पसंत केले. नऊवारी, कपाळाला कुंकू नाही, डोक्यावर पदर आणि पायात पुरुषी कापडी बूट, अशी ती सांगवीच्या रस्त्यानं निघाली की पारावरची माणसं म्हणायची, "हौसाक्का, पोलीस भरतीला चालला का?" ती थांबून म्हणायची, "व्हय. तुमाला बी यायचं आसंल तर आदी पाय दावा."

आबांना रबरी पाय बसला. काठी घेऊन ते अंगणात, मग रस्त्यावर, मग रानाच्या कडेपर्यंत चालायला लागले. आम्हाला वाटलं, जिंकलो. आणि तेव्हाच तो उन्हाळा आला. एका सकाळी आत्यानं आबांचा उजवा पाय मांडीवर घेतला आणि नेहमीसारखी हाताची उलटी बाजू तळव्यावरून फिरवली. मधेच तिचा हात थांबला. पुन्हा फिरवला. करंगळीच्या खाली एक जागा बाकीच्या तळव्यापेक्षा गरम लागत होती. वरून काही दिसत नव्हतं, जराशी लाली, बस्स. आबा म्हणाले, "काय न्हाय आक्का, उन्हाचं आसंल." पण तिनं मला हाक मारली, "सुमे, गाडी बघ." मिळाली ती जीप घेऊन आम्ही तसेच बारामतीला गेलो. बाईंनी बघितलं आणि सांगितलं की वरची कातडी जाड आहे, आत फोड धरलाय. रबरी पायाचा तोल सांभाळताना सगळा भार या पायावर पडतोय. आणखी थोडे दिवस असेच गेले असते तर... बाईंनी वाक्य पुरं केलं नाही. औषधं दिली आणि पाय भुईला टेकवायचा नाही असं बजावलं.

ते आठवडे फार अवघड गेले. आबा पुन्हा भिंतीकडं वळले. एके दिवशी चिडून ओरडले, "काढा म्हणावं एकदाचा. ह्या राखणीपरास त्ये बरं." मी दारात उभी होते. आत्या मलमपट्टी करत होती. हात थांबला नाही. पट्टी पुरी केली, गाठ मारली, मग म्हणाली, "काढायचा का ठिवायचा हे तू ठरवायचं न्हाईस. तुझा पाय तू उसात गमावलास. ह्यो माझ्या वाटणीचा हाय." आणि मग ती रडली. तिचा नवरा वारला तेव्हा सुद्धा मी तिला तशी रडलेली बघितली नव्हती. आबा खाटेवर उठून बसले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. धाकटा भाऊ, पण त्या वेळी थोरल्यासारखा. त्या दिवसापासून त्यांनी पाय स्वतःहून पुढं करायला सुरुवात केली. जखम भरत आली तशी आत्या रोज आरशात बघून आम्हाला हाका मारून दाखवायची, नव्या कातडीचा गुलाबी रंग, जणू घरात बाळ झालंय. ज्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी "आता टेकवा" म्हटलं, त्या दिवशी तिनं दवाखान्यातल्या सगळ्यांना पेढे वाटले, ओळखीच्यांना आणि अनोळखी रोग्यांना सुद्धा. पेढे साखरेचे, म्हणून स्वतः एकही खाल्ला नाही.

पुढच्याच वर्षी उजनीचं पाणी खूप उतरलं आणि पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं. आत्याला ध्यास लागला, की नामाला घेऊन तिथं चालत जायचं. लग्न होऊन ती त्याच गावात आली होती. आबा तिला माहेरी न्यायला यायचे ते त्याच देवळाच्या पायरीवर बसायचे. सकाळी लवकर आम्ही सोपानच्या घरून निघालो. गाळ वाळून त्याला तडे गेलेले, मधेमधे शिंपले, काचा, जुन्या घरांच्या पायाचे दगड. मी म्हटलं, सोपानच्या ट्रॅक्टरवर जाऊ. आत्या म्हणाली, "टॅक्टरनं जायाला पाय कशाला वाचवलं?" दोघं भावंडं हळूहळू चालली, दर थोड्या वेळानं थांबत, बूट काढून खडा गेलाय का बघत. देवळाशी पोचल्यावर तिनं पिशवीतून दोन नवे कोरे कापडी जोड काढले, एक स्वतःला आणि एक आबांना. दगड तापायला लागला होता. पायरीवर बसलेले एक वयस्कर तात्या म्हणाले, "हौसाक्का, देवळात पायतान?" ती म्हणाली, "तात्या, दुकानातनं निघाल्यापास्नं भुईला लागल्यालं न्हाय. वर कापड, खाली रबर. कातडं कुठंच न्हाय. देवानं एक पाय नेला, आता ह्ये तीन त्याला शाबूत दावायला आणल्यात. भाजलं तर काय दावू?" तात्या मग सरकून बसले आणि आबांना आत चढायला स्वतःचा हात दिला. आत गेल्यावर आत्या काही मागत बसली नाही. हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली, "बघ!" एवढंच. त्या मूर्ती नसलेल्या, गाळ साचलेल्या गाभाऱ्यात तो शब्द घुमला. आबा हसायला लागले. इतके हसले की काठी सुटली.

आबा सावरल्यावर ती पळसदेवला परतली. तिथं तिच्या पडवीत बायका यायला लागल्या. ऊसतोडीच्या, मासेवाल्या, दिवसभर वाफ्यात उभ्या राहणाऱ्या. ती त्यांना औषध देत नसे. पाय बघायची, धुऊन पुसायला लावायची आणि संशय आला की सरळ दवाखान्याचा रस्ता दाखवायची. मी डेअरीत ओल्या फरशीवर उभी राहते, तर माझ्या गमबुटात घालायला सुती मोजे तिनंच आणले आणि दोन जोड ठेवून मधे बदलायला लावले. माझं ऐकून आमच्या खात्यातल्या सगळ्या बायका तसं करतात.

तेरावा झाल्यावर आबा चार दिवस पळसदेवलाच राहिले. मीही होते. निघायच्या आदल्या सकाळी आत्याच्या पडवीसमोर एक कोळी येऊन उभा राहिला. ती गेल्याचं त्याला ठाऊक होतं. सवयीनं आला होता, आता परत फिरावं की काय अशा विचारात होता. आबांनी पाट पुढं सरकवला. "बस. पाय वर घे." बसताना त्यांना जरा त्रास झाला, पण त्याचा पाय त्यांनी मांडीवर घेतला, उलटा हात तळव्यावरून फिरवला, आरसा मागवला. तळव्यात माशाचा काटा मोडून बसला होता, भोवती काळसर झालं होतं.

"कवा लागलं ह्ये?"

"म्हाईत न्हाय आबा. दुखतच न्हाय."

आबांनी त्याचा पाय हळूच खाली ठेवला, त्याला स्वच्छ फडकं बांधून दिलं. मग स्वतःचा बूट घेतला, उपडा करून झटकला, आत बोटं घालून चाचपला, चढवला, नाडी बांधली. "सुमे, मी इंदापूरला दवाखान्यात जाऊन येतो ह्याला घिऊन," म्हणाले. मी म्हटलं, मी येते, सोपान येईल, तुम्ही कशाला. ते तोवर उठून चालायला लागले होते. मागून तो कोळी संकोचत आणि पुढं आबा, महामार्गावरच्या एसटीच्या थांब्याकडं. मी पडवीत उभी राहून बघत होते. एसटी आली, दोघांपैकी आबा आधी चढले आणि वरून त्याला हात दिला.